लॉ स्कूलच्या पहिल्या वर्षाचं लीगल रायटिंग: ऑगस्टच्या आधी नेमकी काय तयारी करायची

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑगस्टमध्ये अमेरिकेत जेडीचं, म्हणजे तिथल्या कायद्याच्या पदवीचं, पहिलं वर्ष सुरू होतंय, त्याआधी नऊ वर्षं औषध कंपनीत रेग्युलेटरी रिपोर्ट लिहिलेत, इंग्रजीची अडचण नाही, पण सीनियर सांगतात की लीगल रायटिंगमध्ये चांगलं लिहिणाऱ्यांचीच दांडी गुल होते. मग आत्तापासून काय करू, ब्लूबुक (संदर्भ कसे द्यायचे त्याच्या नियमांचं पुस्तक) पाठ करू का, आणि तयारीसाठी दोन महिने आधी नोकरी सोडू का?

मी बारा वर्षं लिटिगेशन, म्हणजे कोर्टात खटले लढवायचं काम, केलंय, आणि गेली सात वर्षं संध्याकाळच्या बॅचला हाच कोर्स शिकवतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सीनियर म्हणतात ते खरं आहे, फक्त कारण कोणी नीट सांगत नाही. या कोर्सच्या नावात रायटिंग आहे पण मार्क जातात ते वाचण्यात. म्हणजे केस नीट वाचलेलीच नसते, कोर्टाने निकाल असा का दिला हे डोक्यात स्पष्ट झालेलं नसतं, आणि ज्याची भाषा चांगली आहे तो ते सुंदर वाक्यांनी झाकू शकतो, त्याचं त्यालाही कळत नाही की आपण झाकतोय. ज्याची भाषा साधी आहे त्याला झाकताच येत नाही, त्यामुळे तो पहिल्याच मेमोत अडतो, परत केसकडे जातो आणि सुधारतो. तुमची भाषा चांगली आहे ना, मग तुम्हाला मुद्दाम अडावं लागेल.

आधी कोर्स कसा असतो ते सांगतो. अमेरिकन बार असोसिएशनच्या मानकांप्रमाणे मान्यताप्राप्त प्रत्येक लॉ स्कूलला पहिल्या वर्षात एक लेखनाचा अनुभव आणि त्यानंतर अजून किमान एक द्यावाच लागतो, त्यामुळे हा कोर्स कुठेही गेलात तरी चुकत नाही. साधारणपणे फॉल सेमिस्टरमध्ये ऑब्जेक्टिव्ह मेमो, म्हणजे ऑफिसातल्या सीनियर वकिलाला दिलेलं प्रामाणिक उत्तर, आपण जिंकू की हरू आणि का. पहिला मेमो बहुतेक क्लोज्ड असतो, केसेस प्रोफेसरच देतात, बाहेरचं काही शोधायचं नाही. दुसरा ओपन, तिथे वेस्टलॉ किंवा लेक्सिस या कायद्याच्या ऑनलाइन डेटाबेसवर स्वतः शोधायचं. स्प्रिंगमध्ये बाजू घेऊन लिहायचं, कोर्टाला द्यायचा ब्रीफ, म्हणजे लेखी युक्तिवाद, मोशनचा (अर्जाचा) किंवा अपिलाचा, आणि त्यावर उभं राहून तोंडी आर्ग्युमेंट. क्रेडिट कमी असतात आणि काम इतर कोणत्याही विषयापेक्षा जास्त असतं, हे आधीच धरून चाला म्हणजे ऑक्टोबरमध्ये चिडचिड होणार नाही.

आता मेमो कोण वाचतो ते डोळ्यासमोर आणा. संध्याकाळचे सहा वाजलेत, लॉ फर्मच्या पार्टनरला, म्हणजे तुमच्या वरिष्ठ वकिलाला, सकाळी क्लायंटला फोन करायचाय, तिच्याकडे दहा मिनिटं आहेत. तिला हवंय उत्तर. आपल्याकडे शाळेपासून निबंधाची सवय असते, प्रस्तावना, मग विषयाचं महत्त्व, मग हळूहळू मुद्दा आणि शेवटी निष्कर्ष, नमनालाच घडाभर तेल. मेमोमध्ये हे चालत नाही. क्वेश्चन प्रेझेंटेड, लगेच ब्रीफ आन्सर, मग फॅक्ट्स, मग डिस्कशन, मग कन्क्लुजन. उत्तर वरती. डिस्कशनच्या आतही प्रत्येक भाग निष्कर्षानेच सुरू होतो. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात इथे काही अर्थ नाही, वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत कळलं पाहिजे की तुम्ही तिला कुठे नेताय, मग ती प्रत्येक वाक्य त्या दिशेने तपासत वाचते.

यासाठी जे साचे शिकवतात ते आयरॅक आणि क्रिअॅक. आयरॅक म्हणजे इश्यू, रूल, अॅप्लिकेशन, कन्क्लुजन. क्रिअॅकमध्ये कन्क्लुजन आधी येतं आणि रूल व अॅप्लिकेशनच्या मध्ये एक्सप्लनेशन नावाची पायरी असते, म्हणजे तो नियम आधीच्या केसमध्ये कोर्टाने कसा वापरला ते सांगणं. प्रत्येक प्रोफेसरचं अक्षरांचं कॉम्बिनेशन वेगळं असतं, त्यात अडकू नका, तुमच्या प्रोफेसर जे म्हणतील ते वापरा. पण ती एक्सप्लनेशनची पायरी मात्र मनात ठेवा, कारण मी तपासलेले बहुतेक कमजोर मेमो तिथेच पडलेत.

हे असं वरवर सांगून कळणार नाही, एक केसच घेऊया. फिशर विरुद्ध कॅरूसेल मोटर हॉटेल, टेक्सास सुप्रीम कोर्ट, 1967. टॉर्ट्सच्या, म्हणजे नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्यांच्या, वर्गात ही केस तुम्हाला बहुधा भेटेलच. फिशर हे ह्यूस्टनजवळच्या नासाच्या केंद्रात काम करणारे गणितज्ञ, कृष्णवर्णीय. एका तांत्रिक मीटिंगला त्यांना बोलावलेलं, दुपारी त्याच हॉटेलच्या क्लबमध्ये बुफे होता, ते प्लेट घेऊन रांगेत उभे होते. क्लबच्या मॅनेजरने हातातली प्लेट हिसकावली आणि ओरडून सांगितलं की इथे निग्रो माणसाला जेवण मिळणार नाही. अंगाला स्पर्श झाला नाही, हे फिशर यांनी स्वतःच साक्षीत सांगितलं, इजा होईल अशी भीती वाटली असंही ते म्हणाले नाहीत. सहकाऱ्यांसमोर प्रचंड अपमान झाला, एवढंच. ज्युरीने अपमानासाठी 400 डॉलर आणि दंडात्मक नुकसानभरपाई म्हणून 500 डॉलर दिले. ट्रायल जजने ज्युरीचा निकाल बाजूला ठेवून हॉटेलच्या बाजूने निकाल दिला, मधल्या अपील कोर्टाने तोच कायम केला, आणि टेक्सास सुप्रीम कोर्टाने दोन्ही उलटवून फिशर यांना 900 डॉलर दिले.

आता समजा प्रोफेसरने क्लोज्ड मेमोला ही एकच केस दिली आणि फॅक्ट्स असे दिले: टेक्सासमधल्या जिममध्ये एक बाई ट्रेनरचा फोनवर व्हिडिओ काढत होती, ट्रेनरने तिच्या हातातला फोन हिसकावला, बोटाला बोटही लागलं नाही, तो एक शब्द बोलला नाही, फोन बाकावर ठेवून निघून गेला. ही बॅटरी होते का, म्हणजे कायद्याच्या भाषेत मुद्दाम केलेला इजाकारक किंवा अपमानास्पद स्पर्श?

पहिल्या मेमोत साधारण असा परिच्छेद येतो: फिशर केसमध्ये मॅनेजरने प्लेट हिसकावली आणि कोर्टाने ती बॅटरी ठरवली. इथेही ट्रेनरने फोन हिसकावला. त्यामुळे इथेही बॅटरी झालेली आहे.

वाचायला ठीक वाटतं ना? यात एकही चूक नाही, आणि यात विश्लेषणही नाही. प्लेट आणि फोन सारखे आहेत हे कोणी ठरवलं? दोन्ही हातात होते म्हणून, की दोन्ही वस्तू माणसाच्या मालकीच्या होत्या म्हणून? प्लेट तर फिशर यांच्या मालकीची नव्हतीच, ती क्लबची. म्हणजे मालकी हा मुद्दा नाही, आणि हे केस नीट वाचणाऱ्यालाच सुचतं. कोर्टाने जे कारण दिलं ते असं की बॅटरीचा दावा हा शरीराला इजा झाली म्हणून नसतो, माणसाच्या व्यक्तित्वावर, त्याच्या प्रतिष्ठेवर हात टाकला म्हणून असतो, आणि अंगावरचे कपडे किंवा हातात धरलेली वस्तू ही त्या माणसाचाच भाग धरली जाते. हे कारण म्हणजे एक्सप्लनेशन. ते लिहिलंत की मग अॅप्लिकेशनला पाय फुटतात.

मग परिच्छेद असा होतो (तुम्ही अर्थातच इंग्रजीत लिहाल): फोन हिसकावणं हा बहुधा बॅटरीतला संपर्क ठरेल. हातात धरलेली वस्तू अपमानास्पद रीतीने हिसकावली तर अंगाला स्पर्श झाला नाही तरी बॅटरी होते. फिशरमध्ये रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या हातातली प्लेट मॅनेजरने ओढून घेतली, त्याला इजा झाली नाही, तरी कोर्टाने बॅटरी धरली, कारण हातातली वस्तू ही व्यक्तीचाच विस्तार असते आणि कायदा इथे व्यक्तीच्या प्रतिष्ठेचं रक्षण करतो. इथे फोन प्लेटसारखाच क्लायंटच्या मुठीत होता, आणि तो ओढून घेणं म्हणजे तिच्या हातावरच जोर करणं. ट्रेनर म्हणेल की फिशरमधला अपमान त्या ओरडण्यातून आणि वर्णद्वेषातून आला, इथे तो गप्प होता, त्यामुळे कृती अपमानास्पद नव्हती. हा युक्तिवाद दुर्लक्ष करण्यासारखा नाही, कारण तिथे हिसकावणं आणि शब्द एकाच क्षणी आले होते. पण कोर्टाने बॅटरीचा आधार हिसकावण्याच्या कृतीला दिला, आणि लोकांसमोर अनोळखी माणसाच्या हातातून वस्तू ओढून घेणं हे साधारण माणसाला अपमानास्पदच वाटेल.

बघा, तो ट्रेनरच्या बाजूचा मुद्दा या परिच्छेदाचा जीव आहे. विद्यार्थी तो टाळतात, त्यांना वाटतं आपली बाजू कमजोर दिसेल. मेमोमध्ये आपली बाजूच नसते. पार्टनरला उद्या समोरचा वकील काय म्हणेल ते आज कळायला हवंय. माझ्या पहिल्या नोकरीत मी एका मेमोत अडचणीची एक केस तळटीपेत टाकली होती, वाईट हेतू नव्हता, मला ती खरंच दुय्यम वाटली. सुनावणीत समोरच्या वकिलाने सुरुवातच त्या केसने केली आणि आमच्या सीनियरने ती तिथे पहिल्यांदा ऐकली. मेमो तपासताना तो दिवस मला अजूनही आठवतो.

आता फॅक्ट जरासा बदला. फोन हातात नाही, ट्रायपॉडवर आहे, बाईपासून हातभर लांब, आणि ट्रेनरने तिथून उचलला. आता? आणि ट्रायपॉडवरच आहे पण वायरचे इयरफोन तिच्या कानात आहेत, आणि फोन ओढल्यावर वायरला झटका बसला, तर? मुद्दा आहे वस्तू शरीराशी किती जोडलेली होती, आणि या तीन चित्रांत तो हळूहळू सरकतो. असं सरकवून बघणं हीच या कोर्सची खरी तयारी आहे. एक केस घ्या, त्यातला एक फॅक्ट बदला, निकाल बदलेल का ते दीडशे शब्दांत लिहा. बदलला तर का, नाही बदलला तर का. जूनपासून आठवड्याला एक केस धरली तरी ऑगस्टपर्यंत नऊ-दहा होतील, आणि तेवढं पुरे आहे, खरंच पुरे आहे.

केस वाचायची कशी तेही सांगतो, कारण पहिल्यांदा ते जंगल वाटतं. आधी शेवट बघा, कोणी जिंकलं. मग केस या कोर्टात आली कशी ते बघा, फिशरमध्ये ज्युरी एक म्हणाली, ट्रायल जज दुसरं म्हणाला, हे समजल्याशिवाय सुप्रीम कोर्टाने नेमकं काय उलटवलं ते कळतच नाही. मग कोर्टासमोर प्रश्न काय होता, आणि त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी जेवढं आवश्यक होतं तेवढंच होल्डिंग, बाकी जाता जाता म्हटलेलं ते डिक्टा. होल्डिंग एका वाक्यात लिहा, त्यात निर्णायक फॅक्ट यायलाच हवेत. 'हॉटेल जबाबदार आहे' हे होल्डिंग नाही. आणि एवढंसं वाटतं पण महत्त्वाचं, क्रियापदं सांभाळा. कोर्ट होल्ड करतं, ज्युरी फाइंड करते, पक्षकार आर्ग्यू करतात. 'कोर्टाला असं वाटलं' असं लिहिलं की तपासणाऱ्याला लगेच कळतं की याने केस वरवर वाचलीय.

अजून एक सापळा. अमेरिकन सुप्रीम कोर्टाच्या निकालाच्या सुरुवातीला सिलॅबस नावाचा सारांश असतो, छान सुटसुटीत असतो, आणि तो कोर्टाच्या मताचा भाग नसतो, रिपोर्टर ऑफ डिसिजन्सचं कार्यालय तो वाचकांच्या सोयीसाठी बनवतं, तिथेच 1906 च्या एका निकालाचा हवाला देऊन तसं छापलेलं असतं. वेस्टलॉवर निकालाच्या आधी येणाऱ्या छोट्या मुद्द्यांच्या टिपा, हेडनोट्स, त्यांचंही तेच, त्या संपादकांनी लिहिलेल्या असतात. रस्ता शोधायला वापरा, पण त्यातलं वाक्य कोर्टाचं म्हणून मेमोत टाकू नका. दरवर्षी एकदोघे टाकतातच.

मग येते ऑथॉरिटी, म्हणजे कोणत्या कोर्टाचं कोणाला ऐकावं लागतं. इथे बाहेरून येणारा सगळ्यात जास्त गोंधळतो आणि उन्हाळ्यात दोन संध्याकाळी देऊन हे पक्कं करता येतं, म्हणून यावर मी जोर देतो. फेडरल कोर्टांची एक रचना आणि 50 राज्यांच्या आपापल्या पन्नास. फेडरलमध्ये खाली डिस्ट्रिक्ट कोर्टं, मध्ये 13 सर्किटची अपील कोर्टं (अकरा नंबरची, एक डीसीचं आणि एक फेडरल सर्किट), वर सुप्रीम कोर्ट. राज्यात नावांवर जाऊच नका. न्यूयॉर्कमध्ये सुप्रीम कोर्ट हे ट्रायल कोर्ट असतं आणि सगळ्यात वरचं असतं कोर्ट ऑफ अपील्स. टेक्सासमध्ये सर्वोच्च कोर्टंच दोन आहेत, दिवाणीसाठी सुप्रीम कोर्ट आणि फौजदारीसाठी कोर्ट ऑफ क्रिमिनल अपील्स. बॅटरीसारख्या राज्याच्या कायद्याच्या प्रश्नावर टेक्सासमध्ये टेक्सासच्या सर्वोच्च कोर्टाचं म्हणणं बंधनकारक, शेजारच्या राज्याचं फक्त पटवून देण्यापुरतं.

आपल्या फोनच्या मेमोत हे लगेच कामाला येतं. ओपन मेमो असेल तर तुम्हाला शोधताना ऱ्होड आयलंडची 1995 ची पिकार्ड विरुद्ध बॅरी पॉन्टिअॅक सापडू शकते, त्यात एका गाड्यांच्या डीलरकडे ग्राहक बाई कर्मचाऱ्याचा फोटो काढत होती, त्याने तिच्या हातातल्या कॅमेऱ्याला बोट लावलं, आणि तिथल्या सुप्रीम कोर्टाने कॅमेऱ्याला केलेला स्पर्शही बॅटरीसाठी पुरेसा धरला. कॅमेरा, फोन, व्हिडिओ, वाटेल सोनंच सापडलं! फॅक्ट्स फिशरपेक्षाही जवळचे आहेत. पण ती टेक्सासमध्ये बंधनकारक नाही. म्हणून नियम फिशरवरच उभा करायचा आणि पिकार्ड मागे आधाराला आणायची, उलटं नाही. मुलं उलटं करतात कारण जवळच्या फॅक्ट्सची भुरळ पडते. आणि फिशर स्वतः 1967 ची, त्यानंतर टेक्सासच्या कोर्टांनी आणि विधिमंडळाने या विषयात काय केलं ते तपासल्याशिवाय ओपन मेमोत तिच्यावर विसंबायचं नाही, त्यासाठी वेस्टलॉवर कीसाइट आणि लेक्सिसवर शेपर्ड्स असतं, ते वापरायला शाळेतच शिकवतात. केसेस वाचायला आत्ता गूगल स्कॉलर फुकट आहे, पैसे घालवू नका.

एआयचं तुम्ही विचारलं नाहीत पण सांगतो. 2023 च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टात माटा विरुद्ध अॅव्हिआन्का या प्रकरणात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेल्या, अस्तित्वातच नसलेल्या केसेस ब्रीफमध्ये दिल्या आणि कोर्टाने 5,000 डॉलर दंड केला. तुमच्या शाळेचे एआयचे नियम पहिल्या दिवशी वाचा, ते प्रोफेसरागणिक बदलतात. पण नियम परवानगी देत असला तरी पहिल्या वर्षी केस स्वतः वाचा. सारांश वाचून मालकीचा मुद्दा सुचला नसता, प्लेट क्लबची होती हे सारांशात कोण लिहितं?

भाषेबद्दल आता. तुमच्या रेग्युलेटरी कामाचा एक मोठा फायदा आहे, प्रत्येक दाव्यामागे स्रोत द्यायची सवय. इथे कायद्याबद्दलच्या प्रत्येक वाक्यानंतर सायटेशन लागतं, नव्या मुलांना ते अंगवळणी पडायला महिने जातात, तुमच्या हातात ते आधीच आहे. तोटा म्हणजे कर्मणी प्रयोग. 'सॅम्पल वॉज कलेक्टेड' अशी वाक्यं तिथे योग्य असतात, इथे कोणी केलं हाच तर खटला असतो. 'मेड अ डिटर्मिनेशन' नको, 'डिसायडेड' म्हणा. 'इन द इव्हेंट दॅट' ऐवजी 'इफ'. जुने कायदेशीर शब्द, हिअरइनबिफोर वगैरे, ते वकिली वाटतात म्हणून घालू नका, चांगल्या प्रोफेसर ते लाल करतात.

आणि एक सवय जी शाळेने आपल्याला कौतुकाने लावली, तोच शब्द पुन्हा वापरू नये, समानार्थी शब्द शोधावा. ती इथे सोडावी लागेल. नियमात कॉन्टॅक्ट म्हटलं, पुढच्या ओळीत टच, त्याच्या पुढे इंटरॅक्शन, तर वाचणारा वकील थांबतो आणि विचार करतो की या तीन वेगळ्या गोष्टी आहेत का. कायद्यात शब्द बदलला की अर्थ बदललाय असं धरतात. तोच शब्द दहा वेळा आला तर येऊ द्या. कंटाळवाणं वाटेल, तुम्हाला, वाचणाऱ्याला नाही.

ब्लूबुक पाठ करू का, तर नाही. 1926 पासून निघतंय, 2025 मध्ये बावीसावी आवृत्ती आली, कोलंबिया, हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया आणि येलच्या लॉ जर्नलचे विद्यार्थी ते काढतात, आणि ते शब्दकोशासारखं बघायचं पुस्तक आहे. तुमच्या शाळेत कदाचित एएलडब्ल्यूडी गाइड हे सायटेशनचं दुसरं पुस्तक असेल, म्हणून आत्ता विकतही घेऊ नका. आत्ता फक्त सायटेशन वाचता आलं तरी पुष्कळ. फिशरचं सायटेशन 424 एस.डब्ल्यू.2डी 627, म्हणजे साउथ वेस्टर्न रिपोर्टर, दुसरी मालिका, खंड 424, पान 627 ला सुरुवात, आणि कंसात कोर्ट आणि वर्ष. एवढं कळलं की झालं. पहिल्या सेमिस्टरला ब्लूबुकच्या सुरुवातीची निळसर पानं, ब्लूपेजेस, तीच लागतात, पांढरी पानं मुख्यतः जर्नलच्या लेखांसाठी आहेत, हे न कळल्याने मुलं चुकीच्या नियमात रात्री घालवतात.

पुस्तक एकही सुचवत नाही, मुद्दाम. प्रोफेसर आपलं देतील, आणि दोन पुस्तकांचे दोन साचे डोक्यात घेऊन आलेला विद्यार्थी पहिले सहा आठवडे तिसऱ्या साच्याशी भांडण्यात घालवतो. त्यापेक्षा कॅलिफोर्निया स्टेट बारच्या साइटवर जुन्या बार परीक्षेचे (वकिलीच्या परवान्याच्या परीक्षेचे) परफॉर्मन्स टेस्ट आणि निवडक उत्तरं आहेत, त्यात फाइल म्हणजे फॅक्ट्सचे कागद आणि लायब्ररी म्हणजे लागणाऱ्या केसेस आणि कायदे दोन्ही दिलेलं असतं, क्लोज्ड मेमोचंच धाकटं भावंड. जुलैमध्ये एक घ्या, घड्याळ न लावता सोडवा, मग दिलेलं उत्तर शेजारी ठेवून वाचा. परीक्षेचा सराव म्हणून नको, दोन उत्तरांत नियम कुठे आलाय आणि फॅक्ट कुठे आलेत ते पेन्सिलने खुणा करत वाचा.

आणि वर्डमध्ये हेडिंग स्टाइल, पान क्रमांक, ट्रॅक चेंजेस हे नीट शिकून घ्या. क्षुल्लक वाटतं. डेडलाइनच्या रात्री पान क्रमांक पहिल्या पानावरून हटत नाही म्हणून रडणारे विद्यार्थी मी पाहिलेत, आणि उशिरा दिलेल्या मेमोचे मार्क बहुतेक ठिकाणी निर्दयपणे कापतात, कोर्टही तेच करतं.

कोर्स सुरू झाल्यावर प्रोफेसरसोबत कॉन्फरन्स असते, वीसेक मिनिटांची, मसुद्यावर. तिथे 'कसं आहे?' असं विचारू नका, त्यातून 'बरं आहे, अजून विश्लेषण हवं' एवढंच हाती येतं. एक परिच्छेद उघडून विचारा, ट्रेनर गप्प होता या मुद्द्याचं माझं उत्तर तुम्हाला पटतं का, नाही तर कुठे घसरतं. आणि मसुदा डेडलाइनच्या निदान चार दिवस आधी पूर्ण करा, कारण पहिला मसुदा तुम्ही स्वतःला समजावण्यासाठी लिहिता, त्यात विचार ज्या क्रमाने सुचले त्या क्रमाने पडलेले असतात, आणि निष्कर्ष कुठेतरी पाचव्या पानावर सापडतो. तो उचलून वर आणायचा आणि बाकीचं त्याच्याखाली पुन्हा लावायचं, या कामाला दिवस लागतात. झोपून उठल्यावर दिसणाऱ्या चुका रात्री दोनला दिसत नाहीत.

राहिला नोकरीचा प्रश्न. सोडू नका. आठवड्याला एक केस आणि दीडशे शब्द हे नोकरी करून होतं, रविवारी सकाळी दोन तास. जुलैअखेरपर्यंत काम करा, पैसे साठवा, कारण पहिल्या वर्षी बहुतेक शाळा नोकरी करू नका असंच सांगतात. शेवटचे दहा दिवस मोकळे ठेवा आणि त्यात केस वाचू नका, घर लावा, घरच्यांसोबत राहा, त्यांना सांगून ठेवा की ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीपर्यंत फोन उशिरा उचलला जाईल. पहिली केस म्हणून फिशरच घ्या. वाचून झाली की ट्रायपॉड आणि इयरफोनचं उत्तर लिहा, आणि इथेच टाका, मी तपासून देईन.